दहापैकी किती?

“…माणूस जातो गं, पण त्याचं दुखणं काही…”

एवढंच कानावर आलं आणि पुढचं बोलणाऱ्या बाईच्या तोंडातच राहिलं. सिस्टरच्या चपलांचा आवाज जिन्यावर आला होता.

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बटणवाल्या वहिनी बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर, पायरीला टेकून, शेजारची बाई. वहिनींच्या मांडीवर शर्टांचा ढीग होता. कारखान्यातून शर्ट आणायचे आणि बटणं लावून परत द्यायचे, हे त्यांचं काम. घरात उजेड नाही म्हणून त्या जिन्यात बसायच्या. उजेडाचं आपलं निमित्त. जिन्यात बसलं की कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या पिशवीत काय आहे, सगळं बसल्या जागी कळतं. आणि कळलं की माणूस वेळेला उपयोगी पडतं, असं वहिनींचं म्हणणं.

“काय सिस्टर, औषध आणलंत वाटतं? ताईंना फार त्रास होतो का हो?”

“नाही. मी होऊ देत नाही.”

“तुम्ही आहात म्हणून! नाहीतर माझी बहीण. माझं डोकं दुखतंय म्हटलं की तिचं आधी दुखायला लागतं.”

शेजारची बाई हसली. सिस्टरही हसली. हसताना कमरेवर हात ठेवायची तिला सवय होती, तसा ठेवला आणि वर चढू लागली. तिसऱ्या मजल्यावर मात्र ती थांबली. खाली पुन्हा कुजबुज सुरू होते का ते ऐकत उभी राहिली. काहीच आलं नाही. फक्त सुईतून ओढलेल्या दोऱ्याचा सर्र आवाज.

दुखणं काही… काय? जात नाही? थांबत नाही? की खरं सांगायचं तर, त्याचं दुखणं काही कमी केलं नव्हतं तिने, असं?

शेवटचीच भीती तिला होती. कारण ते खरं होतं.

सिस्टर म्हणजे घरी जाऊन आजाऱ्यांचं करणारी नर्स. तेवीस वर्षं ती हे काम करत होती. ज्यांना हॉस्पिटलने ‘आता घरी न्या’ म्हणून सांगितलेलं असतं, अशांच्या घरी ती जायची. हात हलका, बोलणं गोड. पडून पडून पाठीला जखमा झालेल्या माणसाला ती अशी कुशीवर वळवायची की त्याला वळवल्याचं कळायचं नाही. सात वर्षांपूर्वी अशाच एका जाडजूड पेशंटला पलंगावरून घसरताना तिने सावरलं, तेव्हा तिच्या कमरेत काहीतरी सरकलं. डॉक्टरांनी पंधरा गोळ्या लिहून दिल्या. पांढरी, गोल, मधोमध खाच असलेली गोळी. पहिली घेतल्यावर अर्ध्या तासाने कमर दुखायची थांबली, ते झालंच. पण त्याबरोबर आयुष्यात प्रथमच तिला असं वाटलं, की कुणीतरी आपल्याला हलक्या हाताने कुशीवर वळवलंय.

पंधरा गोळ्या संपल्या. डॉक्टर म्हणाले, आता व्यायाम करा.

व्यायाम तिने आठ दिवस केला. मग एक पेशंट गेला आणि त्याच्या उशाशी तसल्याच सहा गोळ्या उरल्या. उरलेल्या गोळ्या नर्सने आणि घरच्या कुणीतरी मिळून मोजायच्या, साबणाच्या पाण्यात विरघळवायच्या आणि टाकून द्यायच्या, असा नियम. पण घरात माणूस गेलेलं असताना गोळ्या मोजायला कोण येतंय? “सिस्टर, तुम्हीच बघा ते,” असंच सगळे म्हणतात. तिने बघितलं.

पुढे मेलेल्यांच्या गोळ्या पुरेनात. मग जिवंतांच्या.

नखाने खाचेवर दाब दिला की गोळी मोडते. टक् असा बारीक आवाज येतो. अर्धी पेशंटला, अर्धी आपल्याला. पेशंटच्या अर्धीला कॅल्शियमच्या गोळीच्या अर्धीची जोड. दोन्ही पांढऱ्या. नाहीतरी म्हाताऱ्या माणसाला अर्धी पुष्कळ होते, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिचा शेवटचा पेशंट मास्तर. समोरच्या रस्त्यावर राहायचे. जन्मभर गणित शिकवलेला माणूस आणि जबड्यात कॅन्सर. बोलता यायचं नाही. तोंडाला जांभळ्या औषधाचा वास यायचा आणि त्याच्या खालून दुसरा एक, गोडसर, सडका. सिस्टर दिवसातून तीनदा विचारायची, “मास्तर, दहापैकी किती?” मास्तर बोटं दाखवायचे. सात. नऊ. शेवटच्या महिन्यात दोन्ही पंजे. सिस्टर दुखण्याच्या तक्त्यात लिहायची : चार.

डॉक्टर आठवड्यातून एकदा येऊन तक्ता बघायचे. “चार? मग चांगलं चाललंय की. डोस वाढवायची गरज नाही.”

मास्तरांना ऐकू चांगलं यायचं. त्यांनी तक्ता आपल्याकडे वळवून घेतला, चारचा आकडा पाहिला आणि त्यावर बोटाने फुली मारली, वहीत चुकलेल्या उत्तरावर मारतात तशी. मग सिस्टरकडे पाहिलं. रागाने नाही. हुशार विद्यार्थ्याने असं कसं केलं, म्हणून बघावं तसं. त्यांच्या मुलाला वाटलं, बाबा भ्रमात हातवारे करतायत.

एका मंगळवारी मास्तर गेले. “शांतपणे गेले ना?” मुलाने विचारलं.

“अगदी शांत,” सिस्टर म्हणाली. त्यांच्या उशाशी बेचाळीस गोळ्या उरल्या होत्या. त्या तिला महिनाभर पुरल्या.

आणि आता घरात ताई होती.

ताई म्हणजे तिची सख्खी मोठी बहीण. आई गेली तेव्हा ताई सतराची आणि ही सहाची. ताईने एका लाँड्रीत इस्त्रीचं काम धरलं आणि अकरा वर्षं उभं राहून चादरींना इस्त्री केली, तेव्हा कुठे ही नर्सिंगला गेली. ताईने लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायची, “चादरींच्या घड्या घालता घालता राहूनच गेलं बघ.” त्याच ताईच्या डाव्या खुब्याच्या हाडात आता कॅन्सर उतरला होता. सिस्टरने तिला आपल्याकडे आणलं, बाहेरची कामं सोडली, आणि पहिल्याच दिवशी स्वतःच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली : ताईच्या गोळीला हात लावायचा नाही.

शपथ अकरा दिवस टिकली. बाराव्या दिवशी, म्हणजे जिन्यात ते अर्धं बोलणं कानावर पडलं त्या दिवशी, मास्तरांची शेवटची गोळी सकाळीच संपली होती. वर येईपर्यंत तिला लागोपाठ जांभया येत होत्या, नाक वाहत होतं, दंडावर काटा उभा राहिला होता.

खोलीत पडदे ओढलेले असायचे. ताईला उजेड सोसायचा नाही. भर दुपारी तिथे तळघरासारखा अंधार असे. दोन वाजता सिस्टरने स्वयंपाकघरात स्ट्रिप फाडली.

टक्.

ताईने आपली अर्धी आणि कॅल्शियमची अर्धी घेतली. सिस्टर तासभर तिच्या चेहऱ्याकडे बघत बसली. मग विचारलं, “ताई, दहापैकी किती?”

“काहीच नाही गं,” ताई म्हणाली. “शून्य.”

खोटं असेल, आपल्याला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल, असं वाटून तिने नाडी बघितली. संथ. कपाळ कोरडं. खुब्याखाली हात घालून तिने ताईला वळवलं, मुद्दाम थोडं जोरात. ताई कूस बदलून झोपी गेली.

दुसऱ्या दिवशी पाव गोळी दिली. शून्य. तिसऱ्या दिवशी नुसतं कॅल्शियम. शून्य. ताईला भूक लागली, तिने पावाचे दोन तुकडे खाल्ले आणि खिडकीशी बसायचंय म्हणाली. कधीकधी नस मेली की दुखणं मरतं. सिस्टरने असं ऐकलं होतं. नऊ दिवस तिने तक्त्यात शून्य लिहिलं. इतक्या वर्षांत प्रथमच ती तक्त्यात खरं लिहीत होती.

दुखायला लागलं ते तिलाच. रोज दुपारी दोनला.

आधी तिला वाटलं, आपली जुनी कमर. पण हे कमरेत नव्हतं. डाव्या खुब्यात, खोल, हाडाच्या आतून कुणी बोथट स्क्रू पिळावा तसं. तिने बोटाने जागा शोधली आणि बोट तिथेच थांबलं. ताईच्या एक्सरेमध्ये डॉक्टरांनी पेनने गोल केला होता, बरोबर तीच जागा. तिने एक गोळी घेतली, मग दुसरी, मग तिसरी. गोळी त्या दुखण्याला शिवतसुद्धा नव्हती. भिंतीपलीकडच्या माणसाला हाक मारावी, तसं काहीतरी. आणि दोनच्या सुमाराला खोलीत एक वास यायचा. जांभळ्या औषधाचा. त्याखालून दुसरा…

दहाव्या दिवशी तिने ताईला विचारलंच. “ताई, तुला खरंच दुखत नाही?”

“दुखतं की. दोन वाजले की उठतं. पण मास्तर येतात ना.”

मास्तरांबद्दल ताईला सिस्टरने कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं. “कोण… मास्तर?”

“मला काय माहीत! मीच म्हणते आपली मास्तर. वाटतात तसे. त्या स्टुलावर बसतात. बोलता येत नाही बिचाऱ्यांना, जबड्याला लागलंय काहीतरी. बोटं दाखवून विचारतात, किती? मी बोटं दाखवते. जेवढी दाखवली तेवढं ते घेऊन जातात.” ताई हसली. “फार भला माणूस गं.”

“घेऊन… कुठे जातात?”

ताई हळूच म्हणाली, “मीही विचारलं एकदा. त्यांनी आधी त्या कपाटाकडे बोट केलं. मग तुझ्याकडे.”

कपाटात, चादरींच्या खाली, स्ट्रिप होती.

त्याच संध्याकाळी डॉक्टर आले. तक्त्यावर पेन फिरवत म्हणाले, “नऊ दिवस शून्य? कमाल आहे. मग तीन कशाला, रोज एकच देऊ.” सिस्टरने नवी चिठ्ठी घेतली. केमिस्टने आठवड्याच्या सात गोळ्या मोजून दिल्या आणि वर म्हणाला, “पुढच्या बुधवारी या. आधी मिळणार नाहीत हां, सिस्टर. तुम्हाला नियम मी काय सांगायचे!”

सातातल्या पाच दोन दिवसांत गेल्या. सिस्टरच्या पोटात.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला उभं राहवेना. दोनची वाट बघणंसुद्धा सोसवेना. एकच मार्ग तिला सुचला, आणि तो खरंतर तेवीस वर्षांपूर्वीच कुणीतरी शिकवलेला होता : ज्याची गोळी त्याला द्यायची. आठ वाजता तिने अख्खी, न मोडलेली गोळी ताईच्या जिभेवर ठेवली. पाणी पाजलं.

खुब्यातला स्क्रू त्याच क्षणी थांबला. इतका एकदम, की ती भिंतीला धरून रडली.

“गेले,” ताई म्हणाली.

“कोण?”

“मास्तर. गोळी तोंडात टाकताना बघत उभे होते. मग डोक्यावरून हात फिरवला माझ्या. आता यायचं नाही, असं केलं हाताने.” आणि थोड्या वेळाने, जरा काळजीने, “चिमणे, दुपारची पण आहे ना गं माझी?”

दुपारची नव्हती. एक गोळी उरली होती, ती उद्याची.

दोन वाजून पाच मिनिटांनी ताई पहिल्यांदा ओरडली. ते ओरडणं सिस्टरने अनेक घरांत ऐकलेलं होतं; त्याला ती मनात ‘खालचा आवाज’ म्हणायची, कारण तो घशातून येत नाही. ताईच्या कपाळावर आणि वरच्या ओठावर घामाचे खसखशीएवढे बारीक थेंब फुटले. चादर मुठीत आली. अकरा वर्षं चादरींच्या घड्या घातलेले ते हात.

“किती… ताई, किती?”

“दे ना गं… चिमणे… दे…”

सिस्टर कपाटाशी गेली. चादरीखालून स्ट्रिप काढली. तिच्या तळहातावर ती एक गोळी होती. सकाळपासून तिने काही घेतलं नव्हतं, पोटऱ्या आपोआप उडत होत्या, नाकातून पाणी गळत होतं. डॉक्टरांना फोन करता आला असता. पण डॉक्टर येणार, आधी स्ट्रिप मागणार. सात दिवसांच्या गोळ्या, तिसरा दिवस, एक शिल्लक.

आणि मग तिला तो विचार सुचला. इतका सोपा, इतका मायेचा, की तिचे डोळे भरून आले. या एका गोळीने ताईचं काय होणार आहे? समुद्रात खडीसाखर. पण हीच आपण गिळली, तर मास्तर परत येतील. येणारच. ताईचं सगळं उचलून आपल्यावर टाकतील. टाकू देत! तिने माझ्यासाठी अकरा वर्षं काढली, मी तिच्यासाठी एवढं सोसू नये? मी घेतेय ती तिच्यासाठीच घेतेय.

अर्धी-अर्धी करायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

ताईने बघितलं. मान वळवता येत नव्हती, पण डोळे वळले. सिस्टरने गोळी तोंडात टाकून गिळलेली तिने बघितली. चादरीवरची मूठ जराशी सैल झाली.

“घे…” ताई म्हणाली. “घे बाळा. तुला… जास्त दुखत असेल…”

सिस्टर स्टूल ओढून बसली आणि वाट बघू लागली. कुठल्याही क्षणी तो वास येईल. कुठल्याही क्षणी खुब्यात पहिला पिळा बसेल. तिने दात आवळून धरले होते, पाय रोवले होते, अगदी तयार होती ती.

अर्ध्या तासाने कुणीतरी तिला हलक्या हाताने कुशीवर वळवलं.

पोटऱ्या शांत झाल्या. नाक थांबलं. मानेपासून खाली ऊब उतरत गेली. ताईचा आवाज येत होता, पण तो लांबून, दुसऱ्या कुठल्या तरी घरातून आल्यासारखा, आणि सिस्टर ताईकडे बघत होती, आणि तिला एवढंच वाटत होतं की मास्तरांना आज उशीर झालाय. येतील. त्या स्टुलावर ती बसली होती, ते रिकामं करून द्यावं, असंही तिच्या मनात आलं. पण उठायचा कंटाळा आला.

साडेचारला आवाज थांबला.

बटणवाल्या वहिनी वर आल्या तेव्हा साडेपाच वाजले होते. “दुपारभर ओरडणं ऐकू येत होतं हो. चारदा उठले, चारदा बसले. म्हटलं, सिस्टर आहेत जवळ, आपण कशाला मध्ये नाक खुपसा…” आत येऊन त्यांनी पलंगाकडे बघितलं आणि तोंडावर हात ठेवला. मग काही न विचारता कामाला लागल्या. पडदे सरकवले, ताईच्या मुठीतली चादर एकेक बोट सोडवून मोकळी केली, टॉवेल घेऊन कपाळ पुसलं. डॉक्टरांना फोनही त्यांनीच केला.

“लोकांना काही काम नसतं बघा,” पुसता पुसता त्या म्हणाल्या. “ती शेजारीण सांगत होती, त्या मास्तरांची सून म्हणते, माणूस जातो पण त्याचं दुखणं काही घर सोडत नाही. त्यांच्या खोलीत म्हणे दुपारी दोनला कण्हल्यासारखं यायचं. तुमचं नाव मध्ये घातलंन, म्हणून मला राग आला. आता ऐका बरं. येतोय का आवाज?”

दोघींनी ऐकलं. सिस्टरने तर श्वास धरून ऐकलं. घर गप्प होतं. भिंती, कपाट, स्टूल, सगळं गप्प. वास नव्हता. खुब्यात काही नव्हतं, कमरेतही नव्हतं. घरात दुखणं म्हणून कुठे उरलंच नव्हतं. निदान तेवढं तरी खोटं होतं.

“बघा! कुठे काय आहे?” वहिनी म्हणाल्या आणि ताईच्या चेहऱ्याकडे वळल्या. “अगंबाई. टॉवेल ओला होता वाटतं माझा.”

त्यांनी टॉवेलची दुसरी बाजू घेतली. कपाळ पुसलं, वरचा ओठ पुसला. अगदी मायेने, कोरडं ठक्क होईपर्यंत.

सिस्टर जवळ आली. तिने ताईच्या हनुवटीला हात लावला. थंड. जबडा घट्ट व्हायला लागला होता, तासाभराने होतो तसा. डोळ्यांच्या बाहुल्या स्थिर. तेवीस वर्षांत तिने किती माणसं अशी बघितली होती. मेलेल्या माणसाच्या अंगातून काय काय येतं आणि काय येत नाही, हे तिला पाठ होतं.

कोरड्या कपाळावर एक थेंब फुटला. खसखशीएवढा. त्याच्याशेजारी दुसरा. मग ओठावर रांगेने…

“सिस्टर,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “हे पुन्हा कसं ओलं होतंय हो?”

सिस्टरच्या अंगात ती ऊब अजून होती. आठपर्यंत राहिली असती. वहिनींनी पुन्हा पुसलं. मग पुन्हा. मग टॉवेल उलगडून, उलटसुलट करून, त्याचा एखादा कोरडा कोपरा उरलाय का ते शोधू लागल्या.